बेदाण्यांची मूठ

बेदाण्यांचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात आमचा दत्तू पोलिसांच्या गोळीने गेला, त्याच्या दुसऱ्या दिवसाची ही गोष्ट. गिरगावातल्या चाळीत, दत्तूच्या खोलीत चूल पेटली नव्हती. चाळमालक आपला अमेरिकन पाहुणा घेऊन आला. तो कॅलिफोर्नियातला द्राक्षांचा शेतकरी, शिवाय आरमाराचा राखीव अधिकारी. त्याने दत्तूच्या आईच्या, आमच्या काकूंच्या, हातावर आपल्या मळ्यातले बेदाणे ठेवले आणि मालकाला इंग्रजीत म्हणाला, “द्राक्षांवर पाखरं उतरली की आम्ही एक पाडतो. बाकीची आपोआप उडतात.”

मालक चक्क हसला.

“काय म्हणतो रे साहेब?” काकूंनी मला विचारलं.

“वाईट वाटलं म्हणतो, काकू.”

“परका असून आला बघ,” म्हणत काकूंनी त्याला हात जोडले.