दिनकरच्या बैलाचा भोवरा

मागच्या महिन्यात तुम्ही सगळ्यांनी ज्या बैलाला हार्ट दिलेत, तो बैल खोटा होता.

आज सकाळी जानेफळला माझा शाळासोबती दिनकर वारला. म्हणून लिहावं लागतंय.

चित्र त्याच्यासाठीच होतं. त्याच्या घरच्या चांद्या बैलाचं. आम्ही शाळेत होतो, महाराष्ट्र नवा नवा होता. तेव्हा बैलाचा फोटो कोण काढणार? दिनकरच म्हणाला,

"तू टॅबवर चित्रं काढून राह्यला म्हणते. माहा चांद्या काढून दे ना बे."

नातीकडून शिकलो. झूम करून एकेक केस काढला. कानातली लव, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीवरचे मऊ केस, शेपटीचा गोंडा.

एकच गोष्ट गाळली.

चांद्याच्या पाठीवर, नको त्या जागी, भोवरा होता. केस गोल फिरलेले. असा बैल मालकाला बुडवतो म्हणायचे. पोळ्याला लोक हसत. झूल टाकली असती तर झाकला गेला असता. पण दिनकरचे वडील त्याला उघड्या पाठीनंच तोरणाखाली उभा करत.

संध्याकाळी गोठ्यात मी पुस्तकातल्या कविता मोठ्यानं म्हणायचो, म्हणून दिनकर मला मास्तर म्हणायचा. तो ऐकता ऐकता त्या भोवऱ्यात बोट फिरवत बसायचा. चांद्या डोळे मिटून घ्यायचा. कविता त्यालाच जास्त कळते, असं मला खरंच वाटायचं.

तर, घरात लावायचं चित्र, अपशकुन कशाला? मी तिथले केस सरळ केले.

दिनकर खाटेवर होता. टॅब हातात दिला. त्यानं बराच वेळ पाहिलं. मग त्याचं बोट काचेवर, बैलाच्या पाठीपाशी, फिरायला लागलं.

थांबलं.

"बैल लय झकास हाय मास्तर. कोणाचा हाय?"

मी हसलो. तो नाही हसला.

"माह्या बापानं साऱ्या गावाचं ऐकून घेतलं, पण भोवऱ्यावर झूल नाई टाकली. तू काऊन टाकली?"

"उद्या नीट करून आणतो."

"आण बापा. मले आता लय दिवस नाईत."

घरी आलो तर इथे टाकलेल्या चित्राखाली तुमच्या कमेंट्स. 'जिवंत!' 'केस न् केस खरा!'

सुखावलो. वाटलं, दिनकरला चित्रातलं काय कळतं!

तो 'उद्या' लांबत गेला.

आज फोन आल्यावर टॅब उघडला. पाठीवर भोवरा रेखाटला. समोरचा चहा निवायच्या आत झाला.

एवढंसं काम.

मग जानेफळला गेलो. टॅब पिशवीतच ठेवणार होतो. त्याच्या सुनेनं मागून घेतला. तिनं चांद्याला कधी पाहिलेलं नाही.

"हा आबाचा चांद्या व्हय ना, काका? भोवरा हाय पाठीवर."

"हाव," म्हटलं. मान वर झाली नाही.

खाली नवं चित्र आहे. हार्ट देऊ नका.

दिनकर, हा तुझा चांद्या. उघड्या पाठीचा.

उशीर झाला रे.

जा गड्या, सुखानं जा.