सात-वीसची एसटी

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र घेतलं आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी उतरलो तो अर्धा प्राध्यापक होऊनच. कोंबड्यांच्या अंड्यांची सरासरी काढून झाली, मग मी एसटीकडे वळलो.

शिरूरहून दौंडला जाणारी सकाळची गाडी आमच्या फाट्यावर सातला यायची, निदान तसं सगळे म्हणायचे. दहा दिवस मी वही घेऊन उभा राहिलो. सहा दिवस ती पाच मिनिटं उशिरा आली, तीन दिवस दहा मिनिटं. एकदा मात्र घोड नदीच्या पुलाजवळ पंक्चर झाली आणि एकशे चाळीस मिनिटांनी उगवली. बेरीज दोनशे, भागिले दहा. वीस! मी स्वतःवरच खूश झालो.

त्याच आठवड्यात दौंडच्या पुढे कुरकुंभच्या एका औषध कंपनीत पॅकिंगसाठी बायका घेणार होते. वहिनी दहावी पास. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुरकुरत परवानगी दिली होती. "एकदा जाऊन बघ. न्हाई जमलं तर पुन्हा नाव काढायचं न्हाई."

आदल्या दिवशी वहिनीनं विचारलं, "भाऊजी, येष्टी नेमकी कवा येती? पोरीला पाजून निघंन म्हंते."

मी वही उघडली, घसा खाकरला. "वहिनी, मध्यक, म्हणजे मधोमधचा आकडा, पाच मिनिटं; बहुलक, म्हणजे सगळ्यांत जास्त वेळा आलेला, तोही पाच मिनिटं. पण मध्य, म्हणजे सरासरी, वीस!"

"मंग ह्यातलं खरं कुठलं?"

खरं सांगायचं तर पाच मिनिटं कुणीही शेंबडं पोर सांगू शकलं असतं. वीसला भागाकार लागला होता. "मध्य," मी ऐटीत म्हणालो. "सात-दहाला निघा. फाटा पाच मिनिटांवर."

सकाळी सात-पाचला फाट्यावर हॉर्न वाजला, तेव्हा वहिनीचा एक पाय चपलेत होता. ती निऱ्या धरून धावली. फाट्यावर नुसती धूळ. पुढची गाडी अकराला, आणि मुलाखत दहाला.

ती परत आली तेव्हा आबा ओट्यावरच होते. "बाईमाणसाचं आवरणं! सातची गाडी आन् सातला ही घरात. ही काय नोकरी करणार?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. दगडालाही बोलतं करणारा मी, त्या क्षणी वही सदऱ्याखाली सारली आणि हौदावर जाऊन दुसऱ्यांदा तोंड धुतलं. नोकरीचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

सुट्टीनंतर सरांनी वर्गात सांगितलं की एखादा आकडा फारच टोकाचा असेल तर तो मध्याला आपल्याकडे ओढून नेतो. अशा वेळी मध्यक बघावा, बहुलक बघावा. सगळा वर्ग लिहून घेत होता. मी बाकावरचं कोरलेलं नाव वाचत बसलो.

पुढे पंधराएक वर्षांनी, वहिनी बाजारासाठी झेंडू निवडत होती, तेव्हा माझ्या तोंडून एकदाचं निघालं. "वहिनी, त्या दिवशी चूक माझी होती."

"व्हय, म्हाईत हाय. त्याच दुपारी वही बघितली मी. सहा येळा पाचच लिवलं व्हतं."

"मग आबांना का नाही सांगितलं?"

"तुमचं कालेज बंद केलं असतं त्यांनी." तिनं एक सडकं फूल बाजूला टाकलं. "पन भाऊजी, तुम्ही का न्हाई बोलला?"

गावभर गप्पांचा फड रंगवणारा मी, तिच्यासमोर बसून झेंडू निवडू लागलो.