वहिनींची जास्वंद आणि माझं प्लॅस्टिक

ग्रुपवरच्या मंडळींनो, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय. मी आठवीपर्यंतच शिकलेला, चुकलं तर सांभाळून घ्या.

शेजारच्या क्वार्टरमधल्या सुमनवहिनी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्यात. जाताना अंगणातली जास्वंद माझ्यावर सोपवून गेल्या. यंदा भोपाळला थंडी कडाक्याची, त्यात वानरांची टोळी रोज टाउनशिपमध्ये येऊन कळ्या ओरबाडते. म्हणून मी झाडाला वरून खालपर्यंत प्लॅस्टिक गुंडाळलं. ते ऊन पडल्यावर काढायचं असतं, मला ठाऊक होतं. पण वानरांच्या धास्तीनं तीन दिवस काढलंच नाही.

आज काढलं तर सगळी पानं काळी, उकडलेल्या पालकासारखी. दूधवाला हसायला लागला, "दादाजी, ठंड से तो बचा लिया, भाप में पका दिया!"

तेवढ्यात वहिनींचा व्हिडिओ कॉल. "भावजी, माझी जास्वंद दाखवा ना!"

मी घाबरलो. माझ्या व्हरांड्यातल्या कुंडीत जास्वंद आहे, तिचीच फुलं तेवढी जवळून दाखवली. वहिनी म्हणाल्या, "किती जपलंत हो! तुम्ही आहात म्हणून मी इथे निवांत आहे."

फोन ठेवला आणि परत त्या झाडापाशी गेलो.

आत्ता खोड नखानं खरवडून पाहिलं, आतून हिरवं दिसतंय. जाणकारांनो, पुन्हा फुटेल का ती? काळ्या फांद्या लगेच छाटू, की थंडी सरेपर्यंत थांबू? आणि वहिनींना खरं आजच सांगू, की पहिलं पान दिसल्यावर?