ट्यूबलाइटखालची मिरची

मंगरूळपीरच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून लागले, त्याच वर्षी आईचा पाय मोडला. प्लास्टर घातल्यावर तिला गावाहून माझ्या भाड्याच्या खोलीत आणले. खोलीला खिडकी नव्हती आणि दार बोळात उघडायचे. जन्मभर शेतात राबलेली माझी आई त्या अंधारात खाटेवर पडून छताकडे बघत राहायची. तिचे जेवणही कमी झाले होते.

एकदा म्हणाली, खाटेजवळ मिरचीची रोपं लाव, डोळ्यांपुढे काही हिरवं तरी राहील. उन्हाशिवाय मिरची येत नाही, असे मी तिला समजावले.

"तू त झाडाचंच शिकली ना व," ती म्हणाली. "त्यात यावर काईच नाही सांगतलं?"

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा आईने वस्तीभर गूळ वाटला होता. तिचा प्रश्न मला लागला. झाडाला प्रकाश लागतो, मग तो सूर्याचा असो की दिव्याचा, हे मी वाचले होते. करून मात्र कधी पाहिले नव्हते.

बाजारातून रोपे आणून तेलाच्या डब्यांत लावली आणि वर मोठा बल्ब टांगला. त्याच्या धगीने पाने करपली. मग ट्यूबलाइट आणली. तिला धग नव्हती, त्यामुळे ती दोरीने रोपांच्या अगदी वीतभर वर बांधता आली. रोपे वाढतील तशी दोरी वर ओढायची. उजेड परतून पानांवर पडावा म्हणून मागच्या भिंतीला चुना फासला. व्होल्टेज पडले की ट्यूब नुसती लुकलुकायची आणि माझा जीव खालीवर व्हायचा. पण पाने हिरवीगार झाली, खोडे जाड झाली.

घरमालकीण एकदा दारात येऊन म्हणाली, "भरदिवसा लाइट काहून लावून राह्यल्या?"

मी काही बोलायच्या आत आईने उत्तर दिले. "झाडाईले लागते. माही पोरगी बी.एस्सी. हाय."

इतक्या शांतपणे बोलली की घरमालकीण आत येऊन रोपांजवळ बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

फुले आली, पण गळू लागली. खोलीत वारा नव्हता, पराग झडत नव्हता. फुलांवर हलकेच टिचकी मारायची, असे मी आईला दाखवले. ते करायला ती पहिल्यांदा आपली आपण उठून बसली. मी शाळेतून येईपर्यंत तिचे सगळ्या फुलांचे काम झालेले असायचे. काही दिवसांतच बारीक हिरव्या मिरच्या दिसल्या. मी नववीच्या मुलींना खोलीवर आणून प्रकाशसंश्लेषणाचा धडा तिथेच शिकवला. मुलींच्या मागे आई खाटेवर ताठ बसून ऐकत होती.

त्या संध्याकाळी तिने एक मिरची तोडली आणि भाकरीसोबत कच्चीच खाल्ली. डोळ्यांतून पाणी आले तरी थांबली नाही.

"वावरातल्यावानी तिखट हाय," म्हणाली, आणि अजून अर्धी भाकरी मागितली.