पेर्सिदानं घासलेली चहादाणी

कोशावा वारा सुटला की आमच्या झेमूनच्या हॉटेलातली दारं एकमेकांशी भांडायला लागतात. त्या सकाळी डॅन्यूबवरून तो असा उधळला होता की खिडक्यांच्या फटींत कागदाच्या घड्या कोंबता कोंबता खोल्या झाडणारी पेर्सिदा मेटाकुटीला आली. मी खाली न्याहारीसाठी अंडी उकडत होते. चादरींचं बोचकं काखेत मारून ती आत शिरली.

"आगं, बारा नंबरचा म्हातारा लई आजारी हाय."

"कशावरनं?"

"दिसभर च्या पितोय! धडधाकट माणूस कशाला च्या पील?"

तिचं खोटं नव्हतं. आमच्याकडं चहा म्हणजे तापात प्यायचा पाला. बरा माणूस कॉफी पितो.

बारा नंबरमध्ये चीनहून आलेले गेंग आजोबा होते. उभी हयात रेल्वेत सिग्नल सांभाळलेले. नवरा-बायकोनं मिळून जगातल्या मोठ्या नद्या बघायचं ठरवलं होतं. बायको गेली, मग हे एकटेच निघाले. पहिल्याच दिवशी त्यांनी गरम पाणी मागितलं, तर रिसेप्शनवरच्या ओग्नेननं त्यांना न्हाणीतला नळ दाखवला. खोलीत घालायला सपाता नव्हत्या. न्याहारीला गार दूध, गार चीज. म्हातारा अंडं आणि मक्याचा पाव तेवढा खायचा आणि बाकीच्या ताटल्यांकडं परक्याच्या लग्नात आल्यासारखा बघत बसायचा.

शेवटी पेर्सिदानं घरची किटली आणून त्याच्या खोलीत ठेवली. तेव्हापासून ती झाडायला गेली की तो अंगठ्याएवढ्या वाटीत चहा ओतून दोन्ही हातांनी पुढं करायचा. ती उभ्या उभ्या प्यायची आणि खाली येऊन तोंड वाकडं करायची. "पाल्याचं पाणी गं नुसतं! पर देतोय कसा, जणू पोरगी माहेरला आल्यावानी."

पेर्सिदा पूर्वेकडच्या डोंगरातली. जवानी सूतगिरणीत गेली, गिरणी बंद पडली, मागोमाग नवरा मिलिसाव गेला, आणि हातात झाडू आला. पण तिच्या घरातलं कॉफीचं तांब्याचं भांडं बघावं, त्यात तोंड बघून वेणी घालावी असं लख्ख. तिची आई म्हणायची, बाईची अब्रू भांड्याच्या बुडाला असते.

म्हणूनच आजोबांची चहादाणी तिच्या डोळ्यांत सलत होती. मुठीएवढी, मातीची. बाहेरून गुळगुळीत, आतून काळीकुट्ट.

"बायको न्हाई, मग कोण घासणार? जातोय उद्या. तेवढं तरी करते त्याच्यासाठी."

"विचार तरी त्यांना," मी म्हटलं.

"भलं करायला बी विचारू व्हय?"

आजोबा किल्ला बघायला गेले तशी ती घासायला बसली. व्हिनेगर, सोडा, तारेची घासणी. वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला. आतला काळा थर गेला आणि खालून लाल माती निघाली, नुकत्याच कुंभाराकडून आणल्यासारखी. पांढऱ्या रुमालावर चहादाणी मांडून ती दाराशी थांबली.

आजोबा आले. त्यांनी चहादाणी उचलली, झाकण काढलं, नाक आत घालून वास घेतला. बराच वेळ घेतला. मग एका भाषेतलं बोलणं दुसरीत सांगणारा मोबाईल त्यांनी तोंडाशी धरला. मोबाईल म्हणाला, "आपण फार कष्ट घेतलेत. मी आभारी आहे."

पेर्सिदा खाली आली ती नाचतच. "बघ! माणूस असावा तर असा. मिलिसावला जन्मात 'बरं केलंस' म्हणाया जमलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी न्याहारीला आजोबांनी नुसतं गरम पाणी घेतलं. ओग्नेनला चेष्टेशिवाय करमत नाही. तो टेबलाशी जाऊन म्हणाला, "काय आजोबा, मावशीनं तुमच्या चहादाणीची नवरीच केली की! आणि तुम्ही नुसतं पाणी पिताय?"

आजोबा मोबाईलशी हळूहळू बोलले. आणि ते यंत्र, ज्याला ना सुख ना दुःख, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं बोललं, "या भांड्यात माझी पत्नी रोज चहा करत असे. ते फक्त पाण्याने विसळतात. आतला थर तिच्या हातचा होता. कृपया त्या बाईंना सांगू नका."

त्या बाई त्यांच्या मागंच उभ्या होत्या, हातात रुमालांची चवड घेऊन.

आजोबा वळले. त्यांचा चेहरा असा झाला, जणू चूक त्यांनीच केली होती. पेर्सिदा स्वयंपाकघरात आली आणि बटाट्यांच्या पोत्यावर बसली. हात मांडीवर उताणे टाकलेले, सोड्यानं भेगाळलेले.

"म्या पुसलं गं," ती म्हणाली. "त्याच्या बायकूला पुसून टाकलं."

मीच तिला आदल्या दिवशी विचार म्हटलं होतं, तेही हसत, अर्धवट.

टॅक्सी यायच्या आत ती ओग्नेनला ओढत आजोबांपुढं घेऊन गेली. "ह्यांना सांग, मला शिव्या द्या म्हणावं. चांगल्या सणसणीत. तुमच्या भाषेतल्या."

मोबाईलनं ते कसं सांगितलं कोण जाणे. आजोबा हसले. "तुम्ही मला किटली दिलीत. शिव्या कशा देऊ?"

"पुन्हा बसंल का तो थर?"

"बसेल. रोज चहा केला की बसतो." त्यांनी कोटाचा खिसा चाचपला. "पण तो माझ्या हातचा असेल."

पेर्सिदानं मान खाली घातली. आजोबांनी तिच्या हातावर दोन बोटं ठेवली, लगेच काढून घेतली आणि बॅग ओढत निघाले. चहादाणी त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली होती.

आमच्याकडं निघालेल्याच्या मागं पाणी ओततात, वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून. मी तांब्या तिच्या पुढं केला.

"तू वत," ती म्हणाली. "माझा हात नगं लागाया."

मी ओतलं. वाऱ्यानं अर्धं माझ्याच पायांवर आणलं. टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली तरी ती फाटकाशी उभी होती.

"मावशी," ओग्नेन आतून ओरडला, "बारा नंबर दुपारी लागतोय. जोडपं आहे, उशा चार मागितल्यात."

"आले रं बाबा. वरडू नगंस." तिनं पदराला पुसावं तसं नाक एप्रनला पुसलं, कपाटातून चार उशा काढल्या, हनुवटीखाली दाबल्या आणि जिना चढू लागली.