डांगे काकांची फूटपट्टी

रायपूरच्या आमच्या नकाशांच्या ऑफिसात किस्से एवढे साचलेत की एकेक सांगायला लागलो तर चहा गार होतो, किस्से संपत नाहीत! त्यातले अर्धे तर डांगे काकांचे. काका जन्मभर कागदावर नकाशे काढून रिटायर झाले आणि मग आमच्याकडे सहा महिन्यांच्या करारावर आले. ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "काका, ऑनलाइन नकाशा स्वतः चालवता आला, तरच करार वाढेल."

काकांना ही नोकरी हवीच होती. "घरी बसलो तं महिन्याभरात म्हातारा होईन मी," असं ते मला म्हणाले होते.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "काका, गोल बाजार ते भनपुरी अंतर किती?" काकांनी शर्टाच्या खिशातून फूटपट्टी काढली आणि थेट स्क्रीनवर ठेवली! "चार इंच." मी झूम केलं. त्यांनी पुन्हा मोजलं, तर आता पट्टीच पुरेना!

"काहून बे, शहर वाढून राहिलं का?"

यासाठी मोजायचं वेगळं टूल असतं आणि कितीही झूम केलं तरी त्याचा आकडा बदलत नाही, हे मी त्यांना समजावलं. काकांनी मान डोलावली आणि पट्टी परत खिशात ठेवली.

मी खूप हसलो होतो, पण माझीही पाळी आलीच. बीरगावच्या हातपंपांची यादी मी मोठ्या ऐटीत अपलोड केली. अक्षांश आणि रेखांशाचे रकाने उलटे पडले होते. सगळे हातपंप उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात! मॅडमचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. काका मात्र शांतपणे म्हणाले, "बरं झालं न बाप्पा, बीरगावले थंड पाणी भेटन!"

तेव्हापासून काहीही अपलोड केलं की मी आधी नकाशा लहान करतो आणि ठिपके छत्तीसगडातच आहेत ना, ते बघून घेतो.

आमच्या ऑफिसातल्या रश्मीचं तर विचारूच नका. मराठी घरातली पोट्टी, पण उत्तर कायम हिंदीत. एकदा ती जागेवरूनच ओरडली, "भैया, सारे तालाब गायब हो गए!" वॉर्डांचा रंगीत लेयर तलावांच्या लेयरवर चढला होता. मी उठेपर्यंत काका तिच्यामागे जाऊन उभे!

"पोरी, आम्ही ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवत होतो. वरचा जाड असला तं खालचं कसं दिसन? तलाव वर घे."

रश्मीने तलावांचा लेयर वर ओढला आणि सगळे तलाव परत! मला तर इतका आनंद झाला की मी सगळ्यांसाठी समोसे मागवले.

आणि आता हा शेवटचा किस्सा. कराराचा शेवटचा आठवडा होता. मोठे साहेब तलावांची यादी तपासायला आले आणि मॅडमनी माऊस मुद्दाम काकांच्या हातात दिला. बीरगावजवळच्या एका तलावावर साहेब थांबले. "यहाँ तो सूखा मैदान है. किसने जोड़ा?"

"मैंने," काका म्हणाले.

त्यांनी जुनी उपग्रह चित्रं उघडली. एक वर्ष मागे गेले, मैदान. आणखी मागे, तरीही मैदान. मॅडमनी कपाळाला हात लावला. गेला काकांचा करार!

काका स्क्रीनजवळ वाकले आणि कोपऱ्यातली तारीख वाचू लागले. "साहब, ये सब मई के फोटो हैं. मई में तो हमारा नल भी सूखता है!" त्यांनी वर्ष तेच ठेवलं, फक्त ऑक्टोबरचं चित्र निवडलं. काठोकाठ पाणी! रश्मीने तर टाळीच वाजवली.

साहेब हसले. "कितना बड़ा है?"

काकांचा हात खिशाकडे गेला. झालं, आता पट्टी स्क्रीनवर! त्यांनी फूटपट्टी काढली, टेबलावर बाजूला ठेवली आणि मोजायचं टूल घेऊन तलावाच्या काठाकाठाने एकेक क्लिक करत पूर्ण फेरी मारली. आकडा आला. मग त्यांनी माऊस साहेबांपुढे सरकवला.

"अब ज़ूम करके देखिए, साहब!"