खुटबावची शेवंती, शिरूरची कुंडी

किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. शिरूरला आम्ही गच्चीवर, बाल्कनीत झाडं लावणारे काहीजण दर रविवारी सुनंदाताईंच्या नर्सरीत जमायचो. आता गट फोनवरच उरलाय. कुठल्या कुंडीत कुठली माती, कुठलं खत, हे मी तेव्हा वहीत नेमानं लिहीत असे. परवा त्या वह्या चाळल्या, तर खतापेक्षा आप्पाच जास्त सापडले!

आप्पा खुटबावचे. सगळा जन्म शेतीत गेलेला. त्यांच्या पत्नी मालनकाकी गेल्यावर मुलानं त्यांना शिरूरला फ्लॅटवर आणलं. काकींच्या अंगणात आता फरशी बसली होती. तिथल्या गावठी शेवंतीचा उरलेला एकुलता एक फुटवा आप्पांनी ओल्या फडक्यात गुंडाळून आणला, सोबत पोतंभर काळी माती.

एसटीत कंडक्टरनं विचारलं, "आप्पा, पोत्यात काय हाय?"

"रान."

"किती?"

"मावलं तेवढं!"

*

ती माती कुंडीत भरली आणि पाणी वरच तुंबलं. फुटवा पिवळा पडला. आप्पांचा चेहराही.

सुनंदाताई म्हणाल्या, "आप्पा, रानातली माती कुंडीत घट्ट बसते. निम्मी काढा, कोकोपीट घाला."

आप्पांनी तो नारळाच्या काथ्याचा भुसा तळहातावर घेऊन फुंकर मारली. तो उडाला.

"ताई, माती म्हंजी पायाला चिकटली पायजे. ह्ये तर शिंकलं तरी जातंय!"

तरी घातलं. त्या फुटव्यासाठी आप्पा काहीही ऐकत.

*

शेजारच्या कुंडीतला टोमॅटो मात्र दोन दिवसांत करपला.

"युरिया किती घातला?" मी विचारलं.

"लई न्हाई. एकराला पोतं टाकत हुतो, ह्याला नुसती मूठ."

"मूठ?" सुनंदाताई ओरडल्याच. "आठ-दहा दाणे पुष्कळ होतात!"

"दानं मोजून घालायचं? खत हाय का होमिओपॅथीच्या गोळ्या?"

मी घाईनं विचारलं, "आप्पा, शेवंतीलाही घातलात?"

"न्हाई. धीर झाला न्हाई."

*

एकदा आप्पांनी शेणखताची गोणी लिफ्टमधून वर नेली. सोसायटीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून दारात हजर!

"आप्पा, वास येतोय!"

"येनारच. कच्चं हाय. कुजलं की जाईल. तीन म्हैनं थांबा."

सेक्रेटरी तीन महिन्यांनी खरंच परत आले. हातात घमेलं.

"थोडं मिळेल का? मिसेसचा गुलाब अडलाय."

*

एका रविवारी आप्पांची सून रेखा नर्सरीत आली. रडायचीच बाकी होती.

"तुम्हीच समजवा मामांना! रोज बाल्कनीत बसून सगळ्या घराची भांडी घासतात. राखेनं! समोरच्या बायका मला विचारतात, सासऱ्याला कामाला लावलंय का?"

आम्ही गेलो. आप्पा उकिडवे बसून कढई घासत होते. विसळलेलं पाणी त्यांनी हळूच शेवंतीला घातलं.

"आप्पा, हे काय?"

"मालननं शेवंतीला दुसरं खत कवा घातलंच न्हाई. राखंनं भांडी घासायची, आन् त्येच पानी झाडाला."

"मग चमचाभर राख पाण्यात कालवून घाला की," सुनंदाताई म्हणाल्या. "भांडी कशाला?"

आप्पांनी पुढचं ताट ओढलं.

थंडी पडली आणि शेवंतीला पहिलं फूल आलं. पिवळं, शर्टाच्या बटणाएवढं. आम्ही सगळे बघायला जमलो. रेखानं तर पेढे आणले.

"मामा, आलं बाई एकदाचं फूल! आता तरी भांडी सोडा."

आप्पांनी घासलेलं पातेलं पालथं घातलं.

"एकच आलंय, पोरी. तिनं चाळीस वर्सं घासली."